चार डोळ्यांची पेटी

"आईसाहेबांची पेटी उलटी बसली."

आमचे हे भर दुपारी घरी आले, पाय न धुता उंबऱ्यावरच बसले आणि एवढंच बोलले. मी पाट्यावर सातू रगडत होते. आधी वाटलं, ऊन लागलं असेल. मुकादम माणूस, दिवसभर उघड्या माळावर उभं राहायचं, कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? मी पाणी पुढे केलं. ते घेईनात.

"उलटी म्हणजे कशी? तळ वर आला की काय?"

"तळ खालीच आहे गं. डोक्याची बाजू दक्षिणेला गेली. पाय उत्तरेला आले."

"मग?"

"मग काय? डोळे भिंतीकडे झाले ना!"

माझ्या हातातला वरवंटा तिथेच राहिला.

तुम्हा आजकालच्या पोरांना यात एवढं घाबरण्यासारखं काय, ते कळायचं नाही. हल्ली माणसाच्या आकाराच्या, नाकडोळ्यांच्या पेट्या निघाल्यात. आमच्या वेळी पेटी चौकोनी असायची, आणि तिच्या एका लांब बाजूवर, डोक्यापाशी, दोन डोळे कोरलेले असायचे. मेलेलं माणूस आत डाव्या कुशीवर निजवायचं. डोकं उत्तरेला, तोंड उगवतीला. म्हणजे रोज सकाळी नदीपलीकडे सूर्य वर आला की त्या डोळ्यांतून त्याला तो दिसतो. नैवेद्य घेऊन आलेली आपली माणसं दिसतात. डोळे चुकीच्या बाजूला गेले, तर त्या जिवानं सदासर्वकाळ बघायचं काय? भिंत!

आणि ही पेटी कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती. राणी मेरेसनेब, तेव्हाच्या महाराजांच्या आई. सगळी नाईलकाठची माणसं त्यांना आईसाहेब म्हणत. त्यांचं छोटं पिरॅमिड, पुढचं देऊळ, भोवतीची भिंत, सगळं आमच्या ह्यांच्या हाताखाली उभं राहत होतं. मी वाड्यावर आईसाहेबांची वेणीफणी करायचे. तर घरातले दोघंही त्यांच्याच अन्नावर पोसलेले.

सगळ्यात वाईट म्हणजे आईसाहेबांना दिसत नव्हतं. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. वैद्यांनी मध घातला, पित्त घातलं, काय काय घातलं, देवच जाणे. शेवटी त्या म्हणाल्या, "पुरे आता. इथे नाही तर नाही, तिथे तरी मला लख्ख दिसू दे." तेव्हापासून त्या पेटीवरच्या डोळ्यांत त्यांचा जीव अडकला होता. डोळे दक्षिणेकडच्या दगडाच्या खाणीवरच कोरले होते, पेटी नावेतून आली होती, आणि दुसऱ्याच दिवशी आईसाहेब स्वतः खाली उतरून त्या डोळ्यांवरून हात फिरवणार होत्या.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"कुणी एकानं नाही. सगळ्यांनी मिळून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पिरॅमिडचं तोंड उत्तरेला. तिथून उतरती वाट आत जाते. नकाशाप्रमाणे पेटी पायांकडून आत न्यायची होती, म्हणजे डोकं आपोआप उत्तरेला राहिलं असतं. पेटी तोंडापाशी आली, आणि ओढणाऱ्यांनी दोर खाली ठेवले. म्हातारा नख्त पुढे झाला आणि म्हणाला, "मुकादम, आमच्याकडे पाय धरून ओढतात ते चोराला, नाहीतर मेलेल्या गाढवाला. आईसाहेबांची पेटी आम्ही पायांकडून नेणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? नख्तच्या पोराच्या अंगावर दगड आला तेव्हा त्याच्या उशाशी आईसाहेबांनी आपला वैद्य बसवला होता. सणाला दारूचे रांजण कोण पाठवतं? सगळे माझ्याकडे बघत उभे. आणि खरं सांगू? मलाही पटलं. म्हटलं, मानानं डोक्याकडून नेऊ, आत गेल्यावर फिरवू."

"आणि आत फिरली नाही."

"खोली अरुंद. पेटी सरळ गेली आणि जमिनीतल्या खाचेत जी बसली ती बसलीच. पश्चिमेच्या भिंतीला अशी चिकटलीये की बोट जाणार नाही. मी दिवा घेऊन खाली गेलो तर समोर नुसता गुळगुळीत दगड!"

"मग काढा बाहेर."

"खाली जाताना ती आपल्या वजनानं गेली. वर ओढताना सकाळी दोर तुटला. थोडक्यात माणसं वाचली."

एवढं बोलून ह्यांनी डोकं गुडघ्यात घातलं. मला राग यावा की रडू, कळेना. मान द्यायला गेले आणि त्या माउलीला जन्मभराची आंधळी करून आले! जन्मभराची कसली, मरणभराची. चांगुलपणासुद्धा बघून करावा माणसानं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. कारभारी देदू. आईसाहेबांच्या सगळ्या बांधकामाचा कारभार याच्याकडे. अंगाला तेलाचा घमघमाट, पोट आधी आत येणार, मग देदू. घरात बसायला एकच तिवई होती, तिच्यावर तो बसला आणि ती बिचारी कुरकुरली.

"झालं ते झालं," देदू म्हणाला. "आता रडून उपयोग नाही. मी विचार केलाय. पेटीची जी बाजू समोर आहे, तिच्यावर गिलाव्याचे डोळे करायचे. छान उठावाचे. रंगवायचे. आईसाहेब हात फिरवतील, खूश होतील, वर येतील. विषय संपला."

"गिलाव्याचे?" मी म्हटलं. "दगडावर गिलावा किती दिवस टिकणार?"

"टिकेल तितका टिकेल. झाकण बसलं, वाट बंद झाली, की आत कोण असणार आहे बघायला?"

"त्याच असणार की!"

देदूनं माझ्याकडे असं बघितलं, जणू पाटाच बोलायला लागला होता. मग तो ह्यांच्याकडे वळला. "सेनबी, बायकोला समजाव. मुकादमानं राणीच्या पेटीची दिशा चुकवली, हे महाराजांच्या कानावर गेलं तर तुझी रवानगी वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीत. तिथून परत आलेला एक तरी माणूस मला दाखव. माझी कारभारकी जाईल ती जाईलच, पण तू आधी जाशील." आणि मग माझ्याशी एकदम गोड आवाजात, "हेनूत, आईसाहेब उद्या तुझ्याच खांद्यावर हात ठेवून उतरणार. त्या तुला विचारतील. तू फक्त म्हणायचं, सुरेख आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तो गेला. जाताना माझ्या टोपलीतले दोन खजूर उचलून गेला, मेला.

आता मी वाड्यावर कशी लागले, ते सांगायला हवं. आईसाहेबांच्या भोवती बायका काय कमी होत्या? सगळ्या म्हणायच्या, आईसाहेब, अजून काय केस आहेत तुमचे! मी पहिल्या दिवशी हात लावला आणि म्हटलं, "उजव्या कानामागे टक्कल पडलंय." सगळ्यांनी जिभा चावल्या. आईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "ही राहू दे. बाकीच्या जणी मला आंधळीच समजतात." मेजवानीला कोण आलं, कोण नाक मुरडून उभं आहे, कापडावर डाग आहे की नाही, सगळं मी त्यांना सांगायचे, आणि त्या त्यावर विसंबायच्या. त्या बाईला मी आता सांगायचं, गिलावा सुरेख आहे?

आणि नाही सांगावं, तर नवरा खाणीत. लग्नाला तीनच वर्षं झाली होती. मला तेव्हा दिवस गेले होते, फक्त ह्यांना अजून सांगितलं नव्हतं. त्या दुपारी सांगणार होते.

सांगितलं मी, संध्याकाळी, भाकरी वाढताना. ह्यांचा घास हातातच राहिला. आधी चेहरा उजळला, मग जो उतरला तो बघवेना.

"हेनूत," ते म्हणाले, "उद्या गप्प राहा. माझ्यासाठी नको. याच्यासाठी."

मी हो म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

सकाळी वाड्यावर गेले तर आईसाहेब आधीच उठून बसलेल्या. ठेवणीतला केसांचा टोप काढायला लावला. डोळ्यांना हिरवा रंग लावायला सांगितला. दिसत नसलेल्या डोळ्यांना रंग कशाला, असं मी नेहमी चिडवायचे, त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

"आज बोलत का नाहीस गं? नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही, आईसाहेब."

"मग मूग गिळलेस का? अगं, डोळ्यांना भेटायला चाललेय मी! नवी नवरी निघावी तसं वाटतंय मला, या वयात." आणि स्वतःशीच खुदखुदल्या.

मेणा पिरॅमिडपाशी आला. माणसं रांगेत उभी होती, माना खाली घालून. आईसाहेबांना वाटलं, आदरानं. त्यांनी हात वर केला, नख्तला नाव घेऊन विचारलं, पोराचा पाय कसा आहे. नख्त "बरा आहे" एवढंच म्हणाला आणि वर न बघता मागे सरला.

मग आम्ही उतरलो. पुढे दिवा घेऊन आमचे हे, मग मी, माझ्या खांद्यावर हात ठेवून आईसाहेब, मागे देदू धापा टाकत. वाट इतकी ठेंगणी की वाकूनच चालावं लागतं. आईसाहेब म्हणाल्या, "राणी असो नाहीतर मोलकरीण, इथे यायचं तर वाकूनच, काय?" आणि मागे देदूचं डोकं छताला आपटलं. मला एरवी हसू आवरलं नसतं.

खोलीत आलो. गिलाव्याचे डोळे खरंच सुंदर केले होते, खोटं कशाला बोलू. काळ्या भुवया, पांढऱ्यात काळंभोर बुबुळ, खालून ती ससाण्याच्या डोळ्यासारखी वळणदार रेघ. मी आईसाहेबांचा हात धरला आणि त्यावर ठेवला.

त्यांनी एक बोट भुवईवरून नेलं. मग दुसरं. मग दोन्ही तळवे दोन्ही डोळ्यांवर ठेवून त्या कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी बघितलं, त्यांच्या गालांवरून हिरवा रंग ओघळत होता.

"हेनूत," त्या म्हणाल्या, "कसे आहेत गं?"

देदू माझ्याकडे टक लावून बघत होता. हे दिव्याकडे बघत होते.

"सुरेख आहेत, आईसाहेब," मी म्हटलं.

"हो ना?" त्या एवढ्या आनंदानं म्हणाल्या, की काय सांगू! "मला कळलंच हातांना. आता मरायची भीती नाही बघ मला. इतकी वर्षं अंधारात काढली, वाटायचं, तिथेही असंच असलं तर? पण तू म्हणतेस ना, सुरेख आहेत. मग झालं."

तू म्हणतेस ना, मग झालं. त्या शब्दांनी माझं काळीज फाटलं. ह्यांची मान खाली, पोटात लेकरू, समोर खाण. सगळं डोळ्यांपुढे होतं हो, मी काही शूर बाई नव्हे. पण ते तळवे त्या गिलाव्यावर होते.

"आईसाहेब, मी खोटं बोलले. ते डोळे गिलाव्याचे आहेत. चार वर्षांत गळून पडतील."

देदूच्या तोंडून नुसता 'हं' असा आवाज निघाला. ह्यांनी दिवा जमिनीवर ठेवला आणि स्वतःही जमिनीवर पडले, कपाळ टेकून. आईसाहेबांनी हात काढून घेतले. बोटांना लागलेली पांढरी भुकटी त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिली.

"खरे डोळे कुठे आहेत?"

"भिंतीकडे, आईसाहेब," हे खालूनच म्हणाले. "पश्चिमेच्या बाजूला. पेटी डोक्याकडून आत आली. चूक माझी. ओढणाऱ्यांची नाही, हेनूतची तर नाहीच नाही."

"नकाशा मी पाहिलाय, दिसत होतं तेव्हा. पायांकडून न्यायची होती. मग डोक्याकडून का नेलीत?"

ह्यांनी कपाळ आणखी खाली दाबलं. शेवटी मीच म्हटलं, "आईसाहेब, चोराला पायांकडून ओढतात, म्हणाले सगळे. तुम्हाला तसं न्यायला कुणी तयार होईना."

आईसाहेब हसल्या. अशा हसल्या, की त्यांना पेटीचा आधार घ्यावा लागला. त्या दगडी खोलीत ते हसू घुमत राहिलं. "अगं बाई, अगं बाई!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं, थोरल्या महाराजांनीसुद्धा माझा एवढा मान ठेवला नाही कधी!"

देदूला वाटलं, वारं फिरलं. तो लगबगीनं पुढे झाला. "आईसाहेब, मी तर आधीपासून म्हणत होतो, या माणसावर भरवसा नको. याला कडक शासन झालंच पाहिजे. आणि ते पश्चिमेचे डोळे... काही तरी करून ते छिलून टाकावे लागतील. मागून खणून, दगड फोडून. नाहीतर पेटी अशुभ."

"थांब," आईसाहेब म्हणाल्या. हसू गेलं होतं. त्यांनी हातानं पेटीची कड धरली आणि चाचपत दक्षिण टोकापर्यंत गेल्या. तिथे पश्चिमेच्या भिंतीला हात लावला. "देदू, या भिंतीपलीकडे काय आहे?"

"काही नाही, आईसाहेब. वाळू. ही जागा आपण निवडलीत तेव्हाच सगळे म्हणत होते, महाराजांच्या पिरॅमिडपासून इतकी लांब, इतकी उजाड..."

"वाळू नाही. माझी लेक आहे."

दिव्याची वात तडतडली. मी इतकी वर्षं त्यांचे केस विंचरत होते. त्यांना मुलगी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

"पहिली माझी. महाराजांच्या जन्माआधीची," त्या भिंतीकडेच तोंड करून म्हणाल्या. "नाव राजवंशाच्या दप्तरात चढवायच्या आधीच गेली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, जिचं नाव दप्तरात नाही, तिला थडगं नाही. दाईनं एका वेताच्या टोपलीत घालून नेलं. मी मागच्या दारानं निघाले तिच्या पाठोपाठ, अंगावर बाळंतपणाचं लुगडं तसंच. या टेकाडाची कड लक्षात ठेवली मी. म्हणून ही जागा मागितली. सगळे म्हणाले, राणीला वेड लागलं. म्हणू देत."

त्यांनी भिंतीवरून हात खाली नेला, जिथे पेटीच्या पलीकडच्या बाजूचे ते खरे डोळे भिंतीला चिकटून होते.

"जागा मिळाली. पण नियम तो नियम. तोंड उगवतीला करायचं. म्हणजे लेकीकडे पाठ. तिच्या शेजारी निजायचं आणि कायमची पाठ करून निजायचं. हे मी कुणाला सांगणार? कुठल्या पुजाऱ्याला विचारणार? इतकी वर्षं घशाखाली घास जाताना ते आठवायचं मला. आणि तुम्ही लोकांनी..." चाचपत त्यांनी ह्यांचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "ऊठ बाबा. ऊठ."

मी तर ओक्साबोक्शी रडत होते. पुढचं मागचं काही सुचत नव्हतं.

देदूनं मात्र खाकरून घेतलं. कारभाऱ्याला मेलं काळीज कुठलं! "पण आईसाहेब, सूर्य? नैवेद्य? उगवतीकडे डोळे नसतील तर..."

"या बाजूलाही कोरा. खरे. दगडात. गिलावा नको आता."

"दोन्हीकडे? चार डोळ्यांची पेटी? असं कुठल्याच पोथीत नाही! शिवाय ते पश्चिमेचे डोळे पेटीच्या दक्षिण टोकाला. तिथे आपले पाय येतील."

"मग कधी इकडून निजेन, कधी तिकडून. देदू, तुझ्या आईनं तुला कधी कुशीत घेऊन निजवलं होतं की नाही? लेकरू शेजारी असलेली बाई रात्रभर फिरतच असते. एकदा दाराकडे बघते, एकदा लेकराकडे. ते पोथीत लिहावं लागत नाही."

देदूनं तरी हार मानली नाही. "आणि मुकादमाचं शासन? महाराज विचारतील."

"शासन हवंच," आईसाहेब म्हणाल्या. माझं रडणं तिथेच थांबलं. "याला इथून हलू द्यायचं नाही. आयुष्यभर. पश्चिमेच्या भिंतीबाहेर घर बांधून द्या, माझ्या देवळाच्या जमिनीतला तुकडा द्या. रोज भाकरी आणि दारू ठेवायची माझ्या दाराशी, ह्याने आणि ह्याच्या बायकोने, आणि मग त्यांच्या पोरांनी. नाव घेऊन ठेवायची. दोन नावं. माझं आणि तिचं."

"तिचं नाव काय, आईसाहेब?" मी विचारलं.

त्यांनी ते माझ्या कानात सांगितलं. बहुधा लेक गेली त्या दिवसापासून ते पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण आवाजच फुटेना. दोनदा सांगावं लागलं. नुबी. सोन्याची.

नवे डोळे कोरले गेले. आमच्या ह्यांनी त्या खोलीत पाथरवटाशेजारी बसून एकेक रेघ राखली. आईसाहेब पुन्हा उतरल्या, पुन्हा हात फिरवला, आणि या वेळी मला विचारलं नाही; मीच आपणहून म्हटलं, "डावी भुवई किंचित वर गेलीये." त्या म्हणाल्या, "राहू दे. माझीही जातेच." पुढे नाईलच्या दोन पुरांनंतर, म्हणजे दोन वर्षांनी, त्या गेल्या. केस मीच केले त्यांचे, शेवटचे. डाव्या कुशीवर निजवल्या, तोंड उगवतीला, रीतीप्रमाणे. पुढे कशा निजल्या ते त्यांचं त्यांना माहीत.

आता तुम्हाला वाटेल, सगळं गोड झालं. कसलं काय! आईसाहेब गेल्यावर देवळात नवा पुजारी आला. मी पहिल्याच दिवशी भाकरी ठेवून दोन्ही नावं घेतली, तर खेकसला, "हे दुसरं कुणाचं?" म्हटलं, त्यांच्या लेकीचं. त्यानं दप्तर काढलं, वरून खाली बघितलं, परत बघितलं. म्हणाला, "या नावाचं कुणी नाही. भिंतीवर कोरायचं नाही, देवळात घ्यायचं नाही. परत ऐकलं तर भाकरी बंद, जमीन बंद." आमचे हे गरीब गाय, मला कोपर मारून गप्प करायला लागले.

मी गप्प झाले. पण अंगाचा तिळपापड झाला होता. या नावाचं कुणी नाही म्हणे! घरी आले. आमची पोर अंगणात धुळीत खेळत होती. दोन वर्षांची झाली होती, पण घरात तिला नुसतं चिमणे म्हणायचो आम्ही, नाव ठेवायचं असंच राहून गेलं होतं. मी तिला उचललं, तडक देवळाच्या दारात गेले आणि त्या पुजाऱ्यापुढे उभी केली.

"ही माझी लेक. नाव नुबी," मी म्हटलं. "आता आहे ना कुणीतरी या नावाचं? माझ्या पोरीला हाक मारायला तुमच्या दप्तराची परवानगी लागते का?"

पोरीला हाक मारू नको, असं कुठला पुजारी सांगणार? नख्तनं ऐकलं, त्याच्या नातीचं नाव नुबी. दोर वळणाऱ्याच्या घरी जुळ्या झाल्या, त्यातली थोरली नुबी. ज्यांनी त्या दिवशी पेटी ओढली, त्या एकेका घरात एकेक नुबी निघाली. या भिंतीच्या पश्चिमेला वस्ती वाढत गेली तशा नुबी वाढत गेल्या. आता कितवी पिढी चालू आहे, मला विचारू नका, माझीच गल्लत होते. नुसती नुबी म्हणून भागत नाही, लंगडी नुबी, गोरी नुबी, कालव्यावरची नुबी, असं करावं लागतं. पुजारी कावतो. कावू दे.

दिवस कलला. थांबा थोडं, आता भाकऱ्या भाजायची वेळ झाली. वस्तीतल्या आया दारात येतील. ऐका, सुरू झालंच:

"नुबे! अगं ए नुबी! कुठे उंडारतेस गं एवढा वेळ? घरी ये आधी, आई वाट बघतेय!"